दादांचं ढिलं स्टेअरिंग

आमच्या शेजारच्या मिस्त्रींना ढिली वस्तू बघवत नाही. कुणाच्या घरी गेले की पाणी प्यायच्या आधी ते खुर्ची हलवून बघतात, आणि खुर्ची जरा कुरकुरली की खिशातून दहा-अकराचा पाना काढून खाली वाकतात. एकदा दवाखान्यात त्यांचा नंबर आला आणि पेशंटचा पत्ता नाही. डॉक्टर बाहेर येऊन हाका मारतायत, तर बाकड्याखालून आवाज आला, "आलो, आलो. एकच बोल्ट राहिलाय!" तेव्हापासून डॉक्टरांनी त्यांचं नाव आवळकाका पाडलं आणि गावभर तेच झालं.

माझं गाड्यांची सीटकव्हरं शिवायचं दुकान आणि त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं वर्कशॉप, मध्ये फक्त एक पत्रा आहे. त्या पत्र्याचा एक कोपरा पूर्वी सुटलेला होता. मशीनवर बसल्या बसल्या मला पलीकडचं सगळं दिसायचं आणि माझी चांगली करमणूक व्हायची. एका सकाळी येऊन बघते तर कोपरा ठोकून पक्का केलेला. मी म्हटलं, "मिस्त्री, मला विचारायचं तरी." तर म्हणाले, "ताई, ढिल्या पत्र्याचं काय विचारायचं?"

हीच त्यांच्या स्वभावातली खोट. मनाने लोणी, हाताने सोनं, पण विचारायचं म्हणून नाही. स्वभावाला औषध नसतं म्हणतात. मला वाटतं असतं, पण ते फार कडू असतं आणि बहुतेक वेळा दुसऱ्यालाच प्यावं लागतं.

मिस्त्रींना आईवडील फार दिवस लाभले नाहीत. थोरल्या भावाने वाढवलं त्यांना. दादांची रोपवाटिका आहे, गावाबाहेरच्या रस्त्याला. गुलाबाची कलमं बांधण्यात दादांचा हात धरणारा कुणी नाही. फांदीवर चाकूची एक चीर, तिच्यात दुसऱ्या गुलाबाचा डोळा सरकवला, पट्टी गुंडाळली, झालं; मी चहाचा कप खाली ठेवेपर्यंत त्यांची दोन रोपं बांधून व्हायची. याच दादांनी मिस्त्रींना सायकल शिकवली होती. मागून सीट धरून पळायचे, आणि एक दिवस न सांगता सोडून दिलं. मिस्त्री वळणापर्यंत एकटे गेले, मागे वळून बघतात तर दादा लांब उभे राहून हसतायत. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की सायकल मीच चालवली असं वाटावं. "दादा बोलला असता ना, तर मी पडलोच असतो," हे वाक्य दर वेळी शेवटी यायचं.

रोपवाटिकेत दादांचा एक छोटा ट्रॅक्टर आहे. जुनाच घेतलेला, रोपांच्या ओळींमधून जाईल एवढा, मागे कुंड्यांची ट्रॉली. त्याचं स्टेअरिंग घेतला तेव्हापासून ढिलं. जवळपास अर्धा फेरा नुसताच मोकळा फिरायचा आणि मग कुठे पुढची चाकं हलायची. दुसरा कुणी बसला तर भिंतीवर जाईल. दादा मात्र त्यावर मजेत बसायचे.

"म्हाताऱ्या माणसासारखं आहे ते," दादा म्हणायचे. "हाक मारली की लगेच उठत नाही. म्हणून वळण यायच्या आधीच हाक मारून ठेवायची."

आणि खरंच, वळण यायच्या पुरतं आधी ते तळहाताने स्टेअरिंग गरकन फिरवून ठेवायचे. ट्रॅक्टर दोन ओळींच्या मधून असा वळायचा की कुंडीतलं पान हलायचं नाही. मिस्त्री ते बघायचे आणि त्यांना राहवायचं नाही. "दादा, दे ना एकदा माझ्याकडे. नवंकोरं करून देतो." दादा म्हणायचे, "हात लावायचा नाही. आमचं जमलंय."

मग वहिनींनी त्या ट्रॅक्टरची सीट माझ्याकडे नवीन शिवायला पाठवली. सीट म्हणजे अख्खा ट्रॅक्टरच. मिस्त्री स्वतः हळूहळू चालवत घेऊन आले. दादा दोन दिवस बाहेरगावी गेले होते, रोपं पोचवायला. मी जुनं कव्हर उसवत बसले होते आणि मिस्त्री ट्रॅक्टरभोवती घिरट्या घालत होते. मांजर दुधाभोवती घालतं तशा. शेवटी म्हणाले, "ताई, जरा वर बसून स्टेअरिंग हलवता का? इकडून तिकडे, हळूहळू."

"दादांना विचारलंत?"

"सख्ख्या भावाला काय विचारायचं? गंमत करणारे मी त्याची."

मी वर बसून हलवत राहिले आणि मिस्त्री खाली झोपून बघत राहिले. स्टेअरिंग फिरलं की कुठला सांधा हलतो आणि कुठला नुसताच खडखडतो, ते खालूनच दिसतं म्हणे. चाकांना जोडणाऱ्या दांड्यांच्या टोकांना गोळीचे सांधे असतात, ते झिजून पार गेले होते. एक तर बोटांनी हलत होता. ते त्यांनी सगळे बदलले. मग स्टेअरिंगच्या पेटीकडे वळले. आतले दाते झिजले की बाजूच्या एका स्क्रूने त्यांना जवळ आणता येतं, पण फार जवळ आणलं तर स्टेअरिंग मधेच अडकतं. म्हणून ते स्क्रू जरासा फिरवायचे, वर येऊन स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघायचे, पुन्हा खाली जायचे. गाणं म्हणत होते. इतक्या आनंदात मी त्यांना फार वेळा पाहिलेलं नाही.

काम झाल्यावर त्यांनी मला एक बोट स्टेअरिंगवर ठेवायला लावलं. बोटभर फिरवलं की चाक बोटभर फिरत होतं. "लोण्यातून सुरी," मिस्त्री म्हणाले. "दादाला सांगणार नाही. उद्या सकाळी बसेल आणि त्याचं त्यालाच कळेल." त्यांच्या डोळ्यांसमोर सायकल होती, हे मला तेव्हाच समजलं. संध्याकाळी ट्रॅक्टर नव्या सीटसकट रोपवाटिकेच्या शेडमध्ये नेऊन लावला आणि किल्ली वहिनींच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी ओळीच्या कोपऱ्यावर स्टुलावर बसून कुंड्या निवडत होत्या. ती त्यांची रोजची जागा. दादांचा ट्रॅक्टर रोज त्यांच्या बाजूने वळून जायचा आणि त्या मान वर करून बघायच्यासुद्धा नाहीत. शेडपासून वळणापर्यंत वाट सरळच होती. दादांनी रोजच्यासारखं वळणाच्या आधी स्टेअरिंग गरकन फिरवलं. आता ते मोकळं फिरणारं स्टेअरिंग नव्हतं. चाकं तिथल्या तिथे वळली, ट्रॅक्टर रोपांत घुसला. दादांनी घाबरून तेवढंच उलटं फिरवलं, तर तो दुसऱ्या बाजूला झेपावला. वहिनी उठल्या, पण पाऊल निघालं नाही. पुढचं चाक पावलावरून गेलं.

बातमी कळली तशी मी थर्मास घेऊन हॉस्पिटलात धावले. वहिनींना आत नेलं होतं. दादा बाकावर बसले होते, दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून. ते हात दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे बघत होते त्यांच्याकडे. "माझे हात गेले," एवढंच म्हणत होते. "रोजचं वळण, रोजची जागा. माझ्या हातांना कळलंच नाही रे. मी तिला माझ्या हाताने..."

दादांची मुलगी नोकरीच्या गावाहून धावतपळत आली होती. शहाणी पोर आहे, घाईत असली तरी मुद्द्याचं बोलते. तिने मिस्त्रींना विचारलं, "काका, ट्रॅक्टर कालच तुमच्याकडे होता ना? त्यात काही बिघाड नव्हता ना?"

मिस्त्री पांढरेफटक पडले होते. मला वाटलं, वहिनींच्या काळजीने. दुरुस्ती मलाही माहीत होती, पण दुरुस्त केल्यानेच घात होईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ते म्हणाले, "गाडी एकदम ठीक होती."

"मग बाबांचंच वय झालं," ती म्हणाली आणि रडायला लागली. दादांनी मान हलवली. त्यांनी ते तिच्या आधीच मान्य करून टाकलं होतं.

त्या दिवसापासून मिस्त्री बदलले. रोज संध्याकाळी वर्कशॉप बंद करून दादांकडे जायचे, फळं घेऊन, औषधं घेऊन. वहिनींच्या पायाला प्लास्टर होतं. त्या पलंगावर पडून सगळ्या घराला हुकूम सोडायच्या आणि वर म्हणायच्या, "पाय गेलाय, जीभ शाबूत आहे." मीही अधूनमधून जायचे. एकदा बघते तर मिस्त्री तिथल्या डुगडुगणाऱ्या खुर्चीवर बसलेत आणि खुर्ची प्रत्येक श्वासाला डुगडुगतेय. पाना काढला नाही. खिशात पानाच नव्हता.

आणि दादा. चहा आला की दादा म्हणायचे, "अर्धाच भर." मग तो अर्धा कप दोन्ही हातांनी धरून प्यायचे, सांडेल म्हणून. कलमाचा चाकू त्यांनी कपाटात ठेवून दिला होता. गड्याला सांगितलं, "तू बांध, येतील तशी." पण त्याला ती जमत नव्हती, निम्मी कलमं सुकली होती. वहिनी मला हळूच म्हणाल्या, "माझं प्लास्टर निघेल हो. यांचं कधी निघायचं?" मिस्त्री समोरच बसले होते. त्यांनी ते ऐकलं, आणि कपातला चहा तसाच ठेवून उठून गेले.

अपघातानंतर ट्रॅक्टरवर कुणी बसलं नव्हतं. थोड्या दिवसांनी मुलीने त्याला गिऱ्हाईक शोधलं. रविवारी बघायला येणार होतं. तिने मिस्त्रींनाच फोन केला, "काका, एकदा तुमच्या हाताखालून घाला, म्हणजे माणसाला तक्रारीला जागा नको." तसा ट्रॅक्टर पुन्हा आमच्या दारात आला. मिस्त्री त्याच्याजवळ गेलेच नाहीत. माझ्या दुकानात आले आणि कापडाच्या गठ्ठ्यावर बसले.

"ताई, गाडी खरंच ठीक होती," ते म्हणाले. "आयुष्यात इतकी ठीक कधी नव्हती."

मी मशीन थांबवलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. दादांच्या हाताला ढिल्या स्टेअरिंगची सवय होती. ते घट्ट झाल्याचं हाताला कुणी सांगितलंच नाही. हॉस्पिटलात पाय ठेवल्या ठेवल्या त्यांच्या ते लक्षात आलं होतं. मुलीने विचारलं तेव्हा जिभेवर आलं होतं. आणि आतून वहिनींच्या कण्हण्याचा आवाज आला, आणि जीभ फिरली.

मला संताप आला. मी म्हटलं, "अहो, त्या माणसाने कप धरायचं सोडलंय! आणि तुम्ही त्याला केळी नेऊन देताय?"

"रोज ठरवून जातो. त्याच्याकडे बघितलं की वाटतं, कालच सांगायला हवं होतं. मग कालचंही सांगावं लागेल. परवाचंही." त्यांना हुंदका आला. "माझ्या एका शब्दाचं काम होतं, ताई. मी त्याला माझ्या डोळ्यांदेखत म्हातारा होऊ दिला."

"उठा," मी म्हटलं. "आत्ता जा."

ते गेले आणि अपेक्षेपेक्षा लवकर परत आले. चेहरा जाताना होता त्याहून वाईट. दादांनी विश्वासच ठेवला नव्हता. सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तू लहानपणापासून असाच. मी फोडलेल्या काचा तू स्वतःच्या नावावर घ्यायचास. नको रे, माझी चूक मला राहू दे."

"त्याने माझी समजूत घातली, ताई," मिस्त्री म्हणाले. "त्याने माझी."

त्यांची नजर भंगाराच्या डब्यावर गेली. मग उठून डबा जमिनीवर उपडा केला आणि झिजलेले जुने सांधे वेचून काढले.

मिस्त्रींच्या हातून काम होताना मी पुष्कळ पाहिलं आहे. काम बिघडवताना तेवढंच एकदा पाहिलं. स्वतः बसवलेले नवे सांधे त्यांनी काढले आणि जुने परत घातले. सगळ्यात वाईट झालेला तेवढा नाही घातला. "हा निसटला तर चाकच जाईल," म्हणाले, आणि ती कसर पेटीचा स्क्रू सैल करून भरून काढली. पुन्हा मला वर बसवलं. "बघा, इतकंच मोकळं होतं का? आठवा, ताई. कमी नको, जास्त नको." चांगल्या कामाला लागते त्याहून जास्त मेहनत त्या खराब कामाला लागली. गाणं वगैरे नव्हतं.

रविवारी सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आधी, आम्ही ट्रॅक्टर घेऊन गेलो. मिस्त्रींनी तो ओळीच्या तोंडाशी उभा केला, खाली उतरले आणि सरळ कोपऱ्यावर गेले. वहिनींचं स्टूल तिथेच पडलेलं होतं. ते त्यावर बसले आणि वहिनींचं पाऊल जिथे होतं बरोबर तिथे दोन्ही पाय ठेवले.

"दादा, एक चक्कर मार."

दादा पायरीवर उभे होते. "ऊठ तिथून."

"नाही उठत."

"वेड लागलंय का तुला? माझ्या हातांचं काही खरं नाही!"

"तुझ्या हातांचं खरं आहे. माझंच खोटं होतं. पूर्वीसारखंच ढिलं करून आणलंय, पूर्वीसारखंच चालव."

मुलगी ओरडली, "काका, काय चाललंय हे!" वहिनी खिडकीशी कुबडी टेकवून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "चालवू दे गं. नाहीतरी दोघा भावांत माझाच एक पाय खर्ची पडलाय. आता त्यांचा त्यांनी बघावा."

दादा चढले. स्टेअरिंग धरलं, आणि त्यांच्या हातांनी ते नुसतंच थोडं इकडे, थोडं तिकडे हलवलं. मोकळं होतं. दादांनी चमकून भावाकडे बघितलं. मग ट्रॅक्टर सुरू केला.

मी डोळे मिटून घेणार होते, पण घेतले नाहीत. वळणाच्या पुरतं आधी दादांचा तळहात स्टेअरिंगवर सपाट पडला आणि गरकन फिरला. ट्रॅक्टर क्षणभर विचार करत सरळ गेला, आणि मग वळला. मागचं मोठं चाक मिस्त्रींच्या पायाशेजारून गेलं, आणि कुंड्या जागच्या हलल्या नाहीत. दादा थांबले नाहीत. आणखी एक चक्कर मारली. आणखी एक. तिसऱ्या वेळी ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. खिडकीतून वहिनी म्हणाल्या, "आहेत की हो हात! मला वाटलं, माझ्याबरोबर तेही प्लास्टरमध्ये घातले!"

दादांनी इंजिन बंद केलं आणि वर बसूनच विचारलं, "तुला हे कधी कळलं?"

मिस्त्री स्टुलावरून उठले होते. "हॉस्पिटलात. त्याच दिवशी."

"त्याच दिवशी." दादांचं हसू गेलं. "म्हणजे मी कप अर्धा भरून घेत होतो, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"चाकू कपाटात ठेवला, तेव्हा?"

"हो, दादा."

दादा खाली उतरले. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "हिचा पाय तू मुद्दाम मोडला नाहीस. गंमत करायला गेलास, ते मी सोडून दिलं. पण माझे हात तू रोज मोडत होतास. समोर बसून, फळं कापून देत." मग ते आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि ते चाकू घेऊन मागच्या दाराने रोपांकडे निघून गेले.

गिऱ्हाईकाला मुलीने फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. मिस्त्री उन्हात तसेच उभे होते. वहिनींनी त्यांना आत बोलावलं, भाऊजी, चहा घेऊन जा म्हणाल्या. त्यांनी हात जोडले आणि चालत निघाले.

त्यानंतर दादा त्यांच्याशी बोलेनासे झाले. वहिनींचं प्लास्टर निघालं, चालताना त्या पाऊल किंचित ओढतात, आणि तो फरशीवर घासण्याचा आवाज आला की मिस्त्री अजून मान खाली घालतात. पाना खिशात परत आला, पण कुणाच्या घरी तो बाहेर निघेना. लोकच म्हणायला लागले, "आवळकाका, खुर्ची डुगडुगतेय हो," तर ते विचारायचे, "नक्की आवळू? तुम्हाला चालेल?" लोकांना ती थट्टा वाटायची.

परवा दुपारी आमच्या दारात ट्रॅक्टर येऊन थांबला. दादा होते. उतरले, मिस्त्रींकडे न बघता माझ्या दुकानात आले आणि स्टुलावर बसले, तिथून वर्कशॉप समोरच दिसतं. मी चहा मागवला. पोऱ्या नव्हता म्हणून टपरीवाला स्वतःच घेऊन आला आणि ओतायला लागला.

"भरून दे," दादा म्हणाले, आणि एका हाताने कप घेतला.

मिस्त्री बाहेर येऊन उभे होते, ग्रीसचे हात फडक्याला पुसत. दादा मला म्हणाले, "ताई, त्याला सांगा, हिला आता गाडी शेजारून गेली की भीती वाटते. स्टेअरिंग नीट करून पाहिजे. पण एकदम नाही."

मी सांगायची गरज नव्हती, चार पावलांवर तर उभे होते. तरी सांगितलं.

मिस्त्री ट्रॅक्टरखाली गेले. स्क्रूला पाना लावल्याचा आवाज आला आणि थांबला. खालूनच त्यांनी विचारलं, "दादा, आवळू का?"

दादांनी कप खाली ठेवला. उठून ट्रॅक्टरवर जाऊन बसले आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. किती तरी दिवसांनी ते भावाशी बोलले. म्हणाले, "थोडं. मी थांब म्हटलं की थांबायचं."